काझीचा हुकूम, राजाचा जाहीरनामा आणि बाईचे वस्त्र

इब्न बतूता हे नाव आपल्याकडे मदरशात शिकलेल्या पोरालाही माहीत असते. मोरोक्कोतला हा मुसाफिर दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी होता. पुढे नशिबाने त्याला मलबारच्या किनाऱ्यावरून मालदीव बेटांवर नेले. साल १३४३-४४. मालदीवच्या लोकांनी इस्लाम स्वीकारून तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती आणि तख्तावर खदीजा नावाची सुलताना होती. बेटावरच्या लोकांच्या दीनदारीची, साधेपणाची, दिवसातून दोनदा अंघोळ करण्याच्या स्वच्छतेची इब्न बतूताने आपल्या सफरनाम्यात मनापासून तारीफ केली आहे. एकच गोष्ट त्याला खटकली. बेटावरच्या बहुतेक बायका कमरेला एक वस्त्र गुंडाळत आणि कमरेवर काहीच घालत नसत. अशाच त्या बाजारात जात, कामधंदा करीत. डोक्यावर पदर तर खुद्द सुलतानाही घेत नव्हती.

याच बेटांवर त्याला काझीची जागा मिळाली. काझीसाहेब कडक होते. जुम्म्याची नमाज चुकवणाऱ्याला त्यांनी फटके मारवले आणि मशिदी भरल्या. मग त्यांनी बायकांना अंग झाकण्याचा हुकूम दिला. तो मात्र कोणी मानला नाही. फिर्याद घेऊन समोर येणाऱ्या बाईने अंग झाकूनच यावे, एवढेच त्यांना साधले. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या काही दासी दिल्लीच्या पद्धतीचे कपडे घालीत. त्याविषयी काझीसाहेबांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की त्या कपड्यांत त्या शोभत नव्हत्या, कारण त्यांना त्याची सवय नव्हती.

आम्ही हा किस्सा गमतीसाठी सांगितलेला नाही. आपल्या समाजात आणि आपल्या शेजारच्या समाजांतही एक पक्की समजूत आहे की बाईची लाज तिच्या अंगाबरोबर जन्माला येते आणि ती सगळीकडे, सगळ्या काळात एकच असते. मालदीवच्या त्या बायका कलमा वाचणाऱ्या होत्या, रोजे ठेवणाऱ्या होत्या. आपण निर्लज्ज आहोत असे त्यांना वाटत नव्हते आणि त्यांच्या पुरुषांनाही तसे वाटत नव्हते. ते वाटले परमुलखातून आलेल्या पाहुण्याला. लाज अंगात किती आणि पाहणाऱ्याच्या नजरेत किती, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

या प्रश्नाचे खरे रूप पाहायचे तर पुन्हा समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर यावे लागेल. मलबारच्या दक्षिणेला त्रावणकोरचे संस्थान होते. आजच्या केरळचा दक्षिण भाग आणि तामिळनाडूचा कन्याकुमारी जिल्हा मिळून हा मुलूख होतो. तिथेही उघड्या छातीची रीत होती. फरक इतकाच की मालदीवात ती सवय होती आणि त्रावणकोरात ती हुकूमत होती.

तिथला नियम थोडक्यात असा. वरच्या जातीच्या माणसासमोर खालच्याने छाती उघडी करायची. हा आदर दाखवण्याचा प्रकार होता आणि तो पुरुषांनाही लागू होता. नायर बाई नंबुद्री ब्राह्मणासमोर वरचे वस्त्र उतरवी. पण नाडार, एळवा आणि त्यांच्याही खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांना कोणासमोर आणि केव्हा असा हिशेबच नव्हता. त्यांनी छाती झाकायचीच नाही. नाडार हे ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणारे, गूळ करणारे कष्टकरी लोक. त्या काळी त्यांना शाणार म्हणत. त्यांनी छत्री धरायची नाही, पायात जोडा घालायचा नाही, सोन्याचा दागिना घालायचा नाही, घराला दुसरा मजला चढवायचा नाही. त्यांच्या बाईने पाण्याची घागर कमरेवरही घ्यायची नाही. वस्त्राचा नियम या माळेतला एक मणी होता. उघडी छाती म्हणजे जातीचा दाखला. तो दाखला बाईने चोवीस तास अंगावर वागवायचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशनरी आले. १८०६ साली रिंगलटाउबे नावाचा जर्मन पाद्री लंडन मिशनरी सोसायटीतर्फे दक्षिण त्रावणकोरात आला. नाडारांतली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. मिशनच्या शाळेत आणि चर्चमध्ये येणाऱ्या बायकांना अंग झाकायला शिकवले गेले. कर्नल मन्रो हा इंग्रज तेव्हा संस्थानचा रेसिडेंटही होता आणि दिवाणही. त्याने ख्रिस्ती झालेल्या बायकांना छाती झाकण्याची मुभा दिली. दरबारातल्या मानकऱ्यांनी ओरड केली की अशाने जातीजातींतला फरकच कळेनासा होईल, सगळे भ्रष्ट होईल. मन्रोने माघार घेतली आणि १८१४ च्या सुमारास मधला तोडगा काढला. ख्रिस्ती नाडार बायकांनी नायर बायकांसारखे खांद्यावरून वस्त्र घ्यायचे नाही, पण ‘कुप्पायम’ घालायला हरकत नाही. कुप्पायम म्हणजे सैल कुडते. ते कोण घालीत? सिरियन ख्रिस्ती बायका आणि मापिला मुसलमान बायका.

आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मापिला बाई अंग झाकून त्याच बाजारातून चालत होती आणि कोणाचा धर्म बुडत नव्हता. ती वर्णाच्या उतरंडीबाहेर होती, म्हणून तिच्या कुडत्याने कोणाची पायरी हलत नव्हती. नाडार बाईला सांगितले गेले की अंगच झाकायचे आहे ना, मग मुसलमान बायकांसारखे झाका. प्रश्न केवळ अब्रूचा असता तर तो १८१४ मध्येच मिटला असता. कुडत्याने अंग पुरते झाकत होते. पण त्या बायकांनी कुडत्यावरून खांद्यावर वस्त्र घ्यायला सुरुवात केली. अगदी नायर बायका घेत तसे. त्यांना अंग झाकायचे होते हे खरेच, पण त्याहून जास्त त्यांना तो जातीचा दाखला फेकून द्यायचा होता.

मग जे झाले ते आपल्या ओळखीचे आहे. १८२२ पासून बाजारात, रस्त्यात नाडार बायकांच्या खांद्यावरची वस्त्रे फाडली जाऊ लागली. १८२७ ते १८२९ या काळात कल्कुलम आणि इरणियल भागांत दंगली पेटल्या, शाळा आणि प्रार्थनाघरे जाळली गेली. ३ फेब्रुवारी १८२९ रोजी दरबाराचा जाहीरनामा निघाला. त्यात नाडार बायकांना वरचे वस्त्र घेण्याची बंदी झाली. ख्रिस्ती बायकांनी कुडते घालावे, त्यापुढे जाऊ नये. त्या वेळी राज्याचा कारभार गौरी पार्वतीबाई या राणीच्या हाती होता. बाई गादीवर बसली म्हणजे बायकांचे भले होते असे नाही, ही गोष्ट आपण नंतरही पाहिली आहे.

तीस वर्षांनी हे प्रकरण पुन्हा पेटले. १८५५ मध्ये त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि वरच्या जातींचा जळफळाट त्यातच होता. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला. प्रजेच्या धर्मात सरकार ढवळाढवळ करणार नाही, असे त्यात वचन होते. वरच्या जातींनी त्याचा अर्थ लावला की जुनी रीत मोडणाऱ्यांना आता आपण सरळ करू शकतो. नाडार वस्त्यांवर हल्ले झाले. भर बाजारात बायकांच्या चोळ्या उतरवल्या गेल्या.

या वेळी संस्थानच्या दिवाणपदी जो माणूस होता तो मराठी होता, हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी ब्राह्मण घराण्यात १८२८ साली कुंभकोणम येथे त्यांचा जन्म झाला. पुढे १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले आणि सयाजीराव महाराजांच्या लहानपणी त्यांनी तो कारभार सांभाळला. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो तेवढ्यापुरता. हुशार, इंग्रजी शिकलेला, नेमस्त गृहस्थ. २७ डिसेंबर १८५८ रोजी त्यांच्या कारभारात जो जाहीरनामा निघाला तो या नेमस्तपणाचा नमुना आहे. शाणारांनी परवानगीवाचून जुनी रीत मोडू नये, आणि वरच्या जातींनी कायदा हाती घेऊ नये. मार खाणारी आणि मारणारा यांना एकाच सुरात समज. आपल्या देशात दंगलीनंतर निघणारी सरकारी पत्रके ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा सूर वेगळा सांगायला नको.

अखेर दबाव आला तो मद्रासहून. गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने रेसिडेंटमार्फत दरबाराला खरमरीत लिहिले. २६ जुलै १८५९ रोजी उत्रम तिरुनाळ महाराजांचा जाहीरनामा निघाला. सर्व धर्मांच्या नाडार बायकांना अंग झाकण्याची मोकळीक मिळाली. ख्रिस्ती नाडारांसारखे कुडते घाला, कोळणींसारखे जाडेभरडे वस्त्र गुंडाळा, हवे तसे झाका. फक्त वरच्या जातीच्या बायकांसारखे नको. म्हणजे अंग झाकले, पण दाखला उरलाच. आधी तो उघड्या छातीवर होता, आता तो वस्त्राच्या पोतावर आणि ते घेण्याच्या पद्धतीवर आला. तरीही तो विजय होता. पुढे व्यवहारात बायकांनी ती शेवटची अटही मोडली. त्याच मुलखात १९१५ मध्ये अय्यनकाळींच्या हाकेवर कोल्लमजवळ पेरिनाड येथे पुलया बायकांनी गळ्यातल्या दगडाच्या माळा काढून फेकल्या. त्या माळाही जातीची खूणच होत्या.

इथे एका कथेविषयी सांगणे भाग आहे. चेर्तला येथील नंगेली या एळवा स्त्रीने स्तनकराच्या निषेधार्थ आपले स्तन कापून दिले, ही कथा अलीकडे सर्वत्र सांगितली जाते. ‘मुलक्करम’ नावाचा कर होता, हे खरे. पण खालच्या जातींच्या पुरुषांवर जसा ‘तलक्करम’ म्हणजे डोईपट्टी होती तशी ती बायकांवरची डोईपट्टी होती, छाती झाकण्याबद्दलचा दंड नव्हे, असे अभ्यासक दाखवून देतात. नंगेलीची त्या काळातली लेखी नोंद मिळत नाही. लोकांनी ती आठवण जपली यालाही अर्थ आहे. पण नाडार बायकांच्या लढ्याची दप्तरे आहेत, तारखा आहेत, जाहीरनामे आहेत. त्याचे मोल कथेपेक्षा कमी समजू नये. हा लढा नववीच्या इतिहासात मुले शिकत होती. २०१६ मध्ये केंद्रीय शिक्षण मंडळाने तो भाग परीक्षेतून काढला आणि २०१९ मध्ये एनसीईआरटीने पोशाखाचा तो धडाच पुस्तकातून वगळला.

कायदा झाला. नजरेचे काय झाले? सी. केशवन हे त्रावणकोर-कोचीनचे मुख्यमंत्री झालेले एळवा पुढारी. त्यांच्या आत्मचरित्रात त्यांच्या सासूबाईंची एक आठवण आहे. तरुणपणी त्यांना कोणी चोळी भेट दिली. हौसेने ती घालून त्या आईला दाखवायला गेल्या तर आईनेच शिव्या घातल्या. मुसलमान बाईसारखी अंगात घालून मिरवतेस काय, असा त्याचा आशय. पोरीने दिवसा चोळी उतरवली आणि रात्री, नवरा आल्यावर, चोरून घातली. कायद्याने आता मनाई उरली नव्हती. मनाई आईच्या नजरेत होती. जी उघडी छाती वरच्यांनी लादली तीच कालांतराने खालच्यांची मर्यादा झाली आणि झाकलेले अंग छचोरपणा ठरले. मग दोन पिढ्यांत हेही उलटले. त्याच त्रावणकोरातल्या राजा रविवर्म्याने देवींना काठापदराच्या साड्या आणि चोळ्या नेसवल्या. मुंबईच्या छापखान्यातून त्या घराघरांत गेल्या. आज केरळातल्या कोणत्याही नातीला पणजीचा उघड्या अंगाचा फोटो दाखवला तर ती मान फिरवील.

आपल्या महाराष्ट्रालाही वस्त्राची ही भाषा अनोळखी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितले की अस्पृश्यपणाची खूण दाखवणारे लुगडे आणि दागिने टाका, वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसे नेसा. दुसऱ्याच दिवशी बायका घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. त्या परिषदेला गावात कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली होती, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. त्रावणकोरच्या बायकांनी खांद्यावर वस्त्र घेतले, महाडच्या बायकांनी लुगड्याचा काठ खाली सोडला. दोघींचे म्हणणे एकच होते. आमच्या अंगावर आमची जात लिहू नका.

आता नेमके उलट चित्र पाहू. १९ जुलै १९९१ रोजी कॅनडातल्या ग्वेल्फ शहरात ग्वेन जेकब ही एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी भर उन्हाळ्यात शर्ट काढून रस्त्याने चालत गेली. पुरुष तसे चालत होते, त्यांना कोणी अडवत नव्हते. तिला अटक झाली, पंचाहत्तर डॉलर दंड झाला. पहिल्या न्यायाधीशांचे म्हणणे असे की स्त्रीची छाती पुरुषांना उत्तेजित करते. म्हणजे विकार पुरुषाचा आणि दंड बाईला. ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने ९ डिसेंबर १९९६ रोजी तिला निर्दोष ठरवले. त्याआधी १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशाच खटल्यातल्या बायकांवरील आरोप काढून टाकले होते. तेव्हा पुष्कळांना वाटले, आता रस्तोरस्ती उघड्या बायका दिसतील. तसे काही झाले नाही. कायद्याने मुभा आहे, तरी ती वापरणाऱ्या विरळाच. कारण कायदा पोलिसाचा हात धरू शकतो. येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे त्याला धरता येत नाहीत.

आणि ज्यांना हा केवळ उघडण्याचा हक्क वाटतो त्यांनी फ्रान्सचा किनारा पाहावा. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या अनेक गावांनी बुर्किनीवर, म्हणजे अंग झाकून पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली. नीस शहराच्या किनाऱ्यावर चार सशस्त्र पोलीस एका बाईभोवती उभे आहेत आणि ती आपले लांब बाह्यांचे वस्त्र उतरवते आहे, असे छायाचित्र जगभर छापले गेले. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. चार वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच देशाच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर उघड्या छातीने ऊन घेणाऱ्या बायकांना पोलिसांनी अंग झाकायला सांगितले. या वेळी खुद्द गृहमंत्री बायकांच्या बाजूने बोलले, स्वातंत्र्य ही मोलाची गोष्ट आहे असे म्हणाले. ते बरोबरच बोलले. पण २०१६ च्या त्या बाईला ते मोल कोणी दिले? बाजारात चोळी उतरवणारा १८५८ चा हात आणि किनाऱ्यावर बाह्या उतरवायला लावणारा २०१६ चा हात यांत गणवेशाखेरीज फरक कोणता?

५ जून २०२३ रोजी केरळच्या उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एका कार्यकर्तीने आपल्या उघड्या अंगावर मुलांकडून चित्र काढून घेतले होते आणि त्याबद्दल तिच्यावर गंभीर गुन्हे दाखल झाले होते. न्यायमूर्ती कौसर एडप्पगत यांनी खटला रद्द केला. स्त्रीचे उघडे शरीर दिसले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, पुरुषाच्या शरीरावरचा त्याचा हक्क कोणी विचारत नाही आणि स्त्रीचा मात्र सतत हिरावला जातो, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल ज्या भूमीत लागला तिथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाकणे हा गुन्हा होता. आता उघडणे हा गुन्हा झाला होता. मधल्या काळात बदलला तो गुन्हा. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती बाईच.

आम्ही उघड्या अंगाचे वकील नाही आणि पडद्याचेही नाही. आमची आजी कोकणातली. ती लुगडे नेसे, डोक्यावर पदर असे, आणि शेतात खोचा मारून चिखल तुडवी. काळा बुरखा तिने आयुष्यात घातला नाही आणि तिच्या ईमानावर कोणी बोट ठेवले नाही. आज तिच्या पणत्यांपैकी एक बुरखा घालते, एक जीन्स घालते. कुरआनच्या सूरह अन-नूरमध्ये या विषयावरचा पहिला आदेश पुरुषांना आहे, नजर खाली ठेवण्याचा. बायकांचा आदेश त्यानंतरच्या आयतीत येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या वाजांमध्ये आम्ही दुसरी आयत असंख्य वेळा ऐकली. पहिली क्वचितच.

२०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर ठेवले गेले तेव्हा आमच्या गावीही सभा झाली. स्टेजवर आम्ही सगळे पुरुष. मुलींच्या हक्कासाठी तावातावाने बोललो. सभा संपत आली तेव्हा मागे बसलेली अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “सर, तुम्ही आमच्यासाठी बोलला, बरं वाटलं. पण उद्या मी हिजाब काढला, तरी बोलाल का?”

त्या दिवशी स्टेजवरून तिला कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. आज देतो. हो, बोलू.